तळ सुटलाय?

दिवसाला पाच लारी. त्याहून एक छदाम जास्त नाही,
नुगझारमामा म्हणाला, दातांत दोन खिळे धरून.
तोंडात खिळे असले की तो खोटं बोलत नाही.
फार बोलूच शकत नाही.

पहिली जाहिरात मी घरी बसून केली.
कुणाचा तरी चकचकीत इटालियन बूट,
मागे धूसर सोनेरी उजेड,
वर तीन शब्द: दर्जा, परंपरा, विश्वास.
खाली नंबर, पत्ता, सवलत, वेळ, हसरा चेहरा,
उरलेल्या जागेत एक तारा.
सतराशे लोकांना दिसली.
चौघांनी बोट लावलं.
त्यातली एक मी. एक आई.

मामानं चष्मा कपाळावर सारून फोन लांब धरला.
"बूट कुणाचा?"
माहीत नाही.
"झालंय काय त्याला?"
काही नाही.
"मग धड बूट घेऊन माझ्याकडे कोण कशाला येईल?"

दुसऱ्या दिवशी स्टूल ओढून त्याच्याशेजारी बसले.
चुघुरेतीतलं हे तळघर, तीन पायऱ्या खाली,
खिडकीतून रस्त्यावरचे नुसते पाय दिसतात.
मामा माणसं ओळखतो ती घोट्यापासून खाली:
ही शिक्षिका, फळ्याकडे वळून वळून डावी टाच झिजलीय.
याचे बूट नवे, पण चालतो असा, जसे उधारीचे.
ही दोघं सकाळीच भांडलीत, बघ, पावलं जुळत नाहीत.

माझ्या फोनमध्ये वयाचे रकाने होते,
आवडीनिवडी होत्या: प्रवास, फॅशन, पाळीव प्राणी.
डावी टाच कुठेच नव्हती.

मग नकाशावर वर्तुळ काढलं, तीन किलोमीटरचं.
बोटं फाकवली की फुगतं, चिमटीत धरलं की आकसतं.
त्यात म्टक्वारी नदी आली, स्टेशन आलं,
बाजार, दोन चर्चं, टेकडीवरचं कब्रस्तान.
"तिथं माझी बरीच गिऱ्हाइकं आहेत," मामा म्हणाला,
"पण आता ती चालत नाहीत."
मी वर्तुळ जरा खाली सरकवलं.

वरच्या मजल्यावरच्या लामाराबाईंचा बूट
खिडकीच्या उजेडात ठेवला,
पुढून उचकटलेला, भुकेल्या वासरासारखा आ वासून.
फोटोत मामाचा अंगठा आला, नख काळं.
कापणार होते.
कापला नाही.

मी नऊ शब्द लिहिले. त्यानं पाच खोडले.
उरलं एवढंच:
तळ सुटलाय? सातपर्यंत आहे.

आणि खालचं बटण बदललं.
"अधिक जाणून घ्या" काढून "रस्ता दाखवा".
जाणून काय घ्यायचंय? बूट फाटलाय, हे त्यांना माहीत आहे.

यावेळी सहाशेच लोकांना दिसली.
पण पायऱ्यांवर पावलं वाजू लागली.
पिशवीत गुंडाळलेले, कागदात बांधलेले,
एकाने तर पायातलाच काढून दिला
आणि मोज्यावर उभा राहिला पाऊण तास.

गुरुवारी सातला पाच कमी असताना एक बाई आली.
हातात काहीच नाही.
म्हणाली, रात्री दोनला झोप येत नव्हती,
"आहे" वाचलं,
म्हटलं, बघून यावं कोण आहे.
मी गप्प. मला वाटलं, आता मामा खिळे काढून
काहीतरी मोठं बोलेल.
त्यानं तिच्या पायांकडे बघितलं.
"उजवी टाच गेलीय. आठ लारी. बसा."
ती बसली.

सोमवारी फळी भरली, खालची जमीनही भरली.
"बंद कर ते," मामा म्हणाला.
मी सांगितलं, आत्ता कुठे चाललीय,
आता पैसे वाढवायचे असतात.
"हात दोनच आहेत."
मी बटण दाबलं.
वर्तुळ करडं झालं, नदीसकट.

"इथून बघ," त्यानं खिडकी दाखवली,
"पुढच्या आठवड्यात येणारा आत्ता जाईल."

बघितलं.
तपकिरी, उजवा, बाजूची शिवण उसवलेली.
घाईत होता.